शीव चालताना : धानोऱ्याच्या जंगलातले सहा दिवस

ज्या गावात मी यातले चार दिवस राहिले, त्याचं नाव या लेखात येणार नाही. फोटोही फार नाहीत. त्यामागचं कारण चौथ्या दिवसाच्या मजकुरात आहे.

मी शाळेत भूगोल शिकवते. बावीस वर्षं फळ्यावर नकाशे काढते आहे, पण नकाशाच्या जोरावर एखादं गाव आपलं जंगल मागतं, हे मी कधी समोर पाहिलं नव्हतं. गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर काम करणाऱ्या एका जुन्या मैत्रिणीचा जानेवारीत फोन आला. "पोरं मोबाइलवर जीपीएस छान चालवतात, पण टोपोशीट वाचायला शिकवणारं कुणी नाही. येतेस का?" टोपोशीट म्हणजे जमिनीचे चढ-उतार दाखवणारा सरकारी नकाशा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघाले.

दिवस पहिला : नागपूर ते धानोरा

उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल आणि आरमोरी. नागभीडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला होता. एकही पान नाही, नुसता केशरी रंग. दुपारी गडचिरोलीला उतरले आणि मैत्रिणीच्या गाडीतून संध्याकाळी धानोऱ्याला पोचलो.

वाटेत तिनं सगळी हकिकत सांगितली. या गावाला सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावानं मिळून जंगल वापरण्या-राखण्याच्या हक्काचा, दाखला काही वर्षांपूर्वीच मिळाला आहे. पण दाखल्यावर कक्षांच्या, म्हणजे वनखात्यानं पाडलेल्या जंगलाच्या भागांच्या, क्रमांकांची यादी आणि हेक्टरचा आकडा एवढंच आहे. तेव्हा हद्द कुणी चालून पाहिली नव्हती. नंतर बांबू तोडायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की पूर्वेकडचे दोन उतार त्या यादीत नाहीतच. गाव तिथं पिढ्यान् पिढ्या जातंय. म्हणून ग्रामसभेनं ठरवलं की पूर्ण शीव पायी चालायची, नकाशा स्वतः काढायचा आणि दुरुस्तीचा अर्ज त्याच्यासोबत जोडायचा.

जाणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. गडचिरोलीत मलेरियाचा त्रास खरोखर आहे, मच्छरदाणी घरून न्या. रोख पैसे जवळ ठेवा. आणि सगळ्यात आधी ग्रामसभेची परवानगी घ्या. ओळखीच्या एखाद्या माणसानं "या" म्हटलं, एवढ्यानं ती मिळत नाही. आमच्यासाठी बैठकीत ठराव झाला होता आणि तो वहीत लिहिलेला मला दाखवलाही.

दिवस दुसरा : मेंढा (लेखा)

धानोऱ्याच्या तीनेक किलोमीटर अलीकडे मेंढा आहे. या विषयात रस असलेला माणूस तिथं थांबल्याशिवाय पुढे जात नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाला तो याच गावाला आणि याच जिल्ह्यातल्या मर्दाला. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगल आलं. हक्क मिळूनही बांबू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना द्यायचा कुणी, हा वाद राहिला होता. तो 27 एप्रिल 2011 रोजी मिटला. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी इथं येऊन परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं.

"मावा नाटे मावा राज", आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा मी ऐकून होते. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्याबरोबर काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही माहीत होती. इथले निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत बोलणं चालू राहतं, हेही वाचलं होतं. गावात फिरताना मात्र जाणवली ती शांतता. अंगण झाडलेलं, कुंपणाला बांबूचे तट्टे, कुणाला कसली घाई नाही. एका काकांनी आम्हाला कठाणी नदीच्या काठापर्यंत नेलं आणि म्हणाले, "कागद मिळाला म्हनून जंगल आमचं झालं असं नाई जी. आमचं होतंच. कागदानं फक्त बाकीच्यांना समजलं."

दुपारी जेवायला भात, लाखोळीचं वरण आणि अंबाडीची भाजी. अंबाडीचा आंबटपणा उन्हातून आल्यावर असा लागतो, की मी दोनदा मागून घेतली. संध्याकाळी मुक्कामाच्या गावी पोचलो. दाट जंगलातून गेलेला कच्चा रस्ता, शेवटचे दोन किलोमीटर पायी. "जोहार" म्हणत लोक पुढे आले आणि पाण्याचा तांब्या हातात आला.

दिवस तिसरा : गोटुलच्या अंगणातला नकाशा

माझी कल्पना होती की सकाळी टोपोशीट उलगडून सुरुवात करायची. गावानं आधीच वेगळं ठरवलं होतं. गोटुल म्हणजे गावानं एकत्र जमायचं घर. त्याच्यासमोरचं अंगण शेणानं सारवलेलं होतं, त्यावर नकाशा काढायचा होता. राख, कोळसा, विटांचा चुरा, पळसाची पानं, चिंचोके. चिंचोका म्हणजे घर, पान म्हणजे जंगल, राखेची रेघ म्हणजे नाला.

पुरुषांनी पाऊण तासात नकाशा उभा केला. मला पहिल्यांदा खटकलं ते दिशेचं. उत्तर वर नव्हती, पूर्व वर होती. "दिवस तिकून निघते ना," एक मुलगा म्हणाला, "म्हनून ते डोकं." मी गप्प बसले. वर उत्तर असावी हा छापखान्याचा संकेत आहे, पृथ्वीचा नव्हे.

मग एक आजी केरसुणी घेऊन आली. वय सत्तरीच्या पुढे असावं. कुणालाही न विचारता तिनं राखेचा अर्धा नाला झाडून टाकला. "असा नाई जात तो. मी रोज जाते ना तठी." तिनं बोटानं नवी रेघ ओढली आणि तिला दोन वळणं दिली. मग एकेक करून बाकीच्या बाया पुढे सरसावल्या. पुरुषांच्या नकाशात बोडी, म्हणजे छोटं तळं, होती, बोडीत पाणी येतं तो झरा नव्हता. बांबूचं बन होतं, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) कुठं निघतात ते नव्हतं. मोहाची झाडं एका ठिकाणी गठ्ठ्यानं दाखवली होती. बायांनी कुठलं झाड कुणाच्या घराच्या वेचणीचं, हे चिंचोके ठेवून दाखवलं. तासाभरात नकाशा दुप्पट दाट झाला. कायद्यात वनहक्क समितीच्या (दाव्यांचं काम पाहायला ग्रामसभा निवडते ती समिती) सभासदांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असं का म्हटलंय, हे त्या अंगणात मला डोळ्यांनी दिसलं.

दुपारी मैत्रिणीनं नियम वाचून दाखवले. 2012 च्या दुरुस्तीनंतर नियम 12 म्हणतो, की वनहक्क समितीनं शिवेची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन पारंपरिक हद्द ठरवावी, ओळखता येतील अशा खुणांसह नकाशा करावा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवावा. पुरावा म्हणून काय चालतं त्याची यादी नियम 13 मध्ये आहे : निस्तारपत्रकासारखे (गावाच्या वापराच्या हक्कांची नोंद) जुने सरकारी कागद, विहिरी, दफनभूमी, पूजेच्या जागा, आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा. उपग्रहाचं चित्र या सगळ्याला पूरक म्हणून घेता येतं, पण त्यांच्या जागी घेता येत नाही. हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. "उपग्रहात दिसत नाही" एवढ्या एका वाक्यावर माणसांचे दावे अडतात, म्हणून ते तोंडपाठ हवं, असं तिचं म्हणणं.

टोपोशीट रात्री कंदिलाच्या उजेडात उलगडली. समोच्च रेषा पोरांना दहा मिनिटांत कळल्या. ज्यांचे पाय रोज तो चढ चढतात त्यांना रेषा जवळ आल्या म्हणजे दम लागणार, हे सांगावं लागत नाही.

दिवस चौथा : शीव

पहाटे साडेपाचला निघालो. थंडी बऱ्यापैकी होती, गवतावर दव. आम्ही बावीस जण : गायता (गावचा पुजारी), चार म्हातारे, ती केरसुणीवाली आजी, समितीचे सभासद, जीपीएस धरणारी दोन पोरं आणि एक पोरगी, आणि वनखात्याच्या तरुण वनरक्षक बाई. पडताळणीच्या वेळी वन आणि महसूल विभागाच्या माणसांनी हजर राहून कागदावर सही करावी असा नियम आहे, म्हणून समितीनं रीतसर पत्र दिलं होतं. बाई वेळेआधी आल्या होत्या, शिदोरी घेऊन.

यंत्राचं काम सोपं आहे. किमान चार उपग्रहांचा संकेत मिळाला की ते आपली जागा सांगतं. उघड्यावर चूक काही मीटरची असते, दाट झाडीखाली ती वाढते. म्हणून प्रत्येक खुणेपाशी दोन-तीन मिनिटं थांबायचं, आकडा स्थिरावू द्यायचा आणि मग नोंद करायची. पोरगी वहीत हातानंही लिहीत होती. खूण, तिचं गोंडी नाव, मराठी अर्थ, कोण सांगतंय, आणि ती जागा आपली का.

या शेवटच्या रकान्यानं दिवस भरून गेला. आंब्याच्या एका म्हाताऱ्या झाडापाशी गायता थांबला. इथं पूर्वी गाव होतं. पटकी आली आणि माणसं खाली उतरली. महसुलाच्या भाषेत याला रिठ म्हणतात. मला आधी काही दिसलं नाही. मग आजीनं पायानं पाचोळा सारला, तर खाली चुलीचे तीन दगड. थोडं पुढे मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड होते, काही कंबरेएवढे, काही गुडघ्याएवढे. एका म्हाताऱ्यानं एका दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, "हा माझ्या आज्याचा बाप." नियम 13 मधला "दफनभूमी" हा शब्द काल मी पेननं अधोरेखित केला होता. आज तो माझ्यासमोर उभा होता, शेवाळलेला.

वनरक्षक बाईंना कक्षांचे क्रमांक, जाळरेषा (आग अडवायला साफ केलेले पट्टे), कूप (तोडीचे भाग), मुनारे (हद्दीचे खांब) सगळं पाठ होतं. म्हाताऱ्यांना एकही क्रमांक माहीत नव्हता आणि बाईंना एकही जुनं नाव. चालता चालता दोघांची देवाणघेवाण सुरू झाली. बाई क्रमांक सांगायच्या, म्हातारे नाव सांगायचे : अस्वल पाणी पितं ती जागा, दोन भावांचा दगड, वारा अडतो ती खिंड. दुपारपर्यंत पोरीच्या वहीत दोन्ही रकाने शेजारी शेजारी भरले होते. पूर्वेकडच्या ज्या उतारांसाठी सगळा खटाटोप, तिथं नावांची गर्दी सर्वांत जास्त होती. बाई थोडा वेळ वही बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढी नावं वापर असल्याशिवाय पडत नाहीत." शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं ते त्यांचं काम, पण हे वाक्य त्या सगळ्यांसमोर बोलल्या.

पळसाच्या पानात बांधलेला भात, लाल मुंग्यांची झणझणीत चटणी आणि तुंब्यातली आंबील. झऱ्याकाठी जेवलो. दुपारी ऊन चढलं तसा पानगळीचा आवाज वाढत गेला. इतक्या माणसांच्या पायांखाली कोरडा साग असा वाजतो, की बोलणं ऐकू येईना.

तीनच्या सुमारास गायतानं हात वर केला. सगळे थांबले. समोर झाडांचं एक दाट बेट होतं, आजूबाजूच्या जंगलापेक्षा हिरवं. पेनठाणा. देवाची जागा.

"यंत्र बंद करा," तो म्हणाला.

पोरांनी बंद केलं. मोबाइलही बंद केले. बाया बाहेरच थांबल्या, मीही. चार पुरुष आत गेले आणि थोड्या वेळानं परत आले. मग तिथंच बसून तासभर बोलणं झालं, आणि माझ्या दृष्टीनं या प्रवासाचं सगळं सार त्या तासात होतं. एका पोराचं म्हणणं, पूजेची जागा हा कायद्यातला पक्का पुरावा आहे, तीच दाखवली नाही तर दावा कच्चा राहील. गायताचं म्हणणं, कागदावर गेलेली जागा उद्या कुणालाही सापडेल. झाडं तोडणाऱ्याला, जमिनीखालचं शोधणाऱ्याला, नुसता फोटो काढायला येणाऱ्यालाही. आजीनं विचारलं, "नकाशा जाते कुठी? किती जन पाहतेत?" मैत्रिणीनं एकेक पायरी सांगितली. ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती. प्रत्येक ठिकाणी फाइल, प्रत्येक फाइलच्या प्रती.

शेवटी असं ठरलं : अर्जाच्या नकाशात या भागात देवस्थान आहे एवढं एक मोठं गोल वर्तुळ दाखवायचं, नेमका बिंदू नाही. वडीलधाऱ्यांच्या जबाबात त्याचा उल्लेख येईल. अधिकाऱ्यांना पाहायचं असेल तर गायताबरोबर यावं. औषधी मुळ्या मिळतात त्या तीन जागांचंही तसंच. आणि आम्ही पाहुण्यांनी गावाचं नाव, खुणांची नावं, त्या जागांचे फोटो कुठंही टाकायचे नाहीत. मी शब्द दिला.

नकाशाशास्त्र शिकताना आम्हाला सांगितलेलं, की रिकामी जागा म्हणजे माहिती नसलेली जागा. तिथं मला ते खोटं वाटलं. जीपीएसच्या रेघेत त्या ठिकाणी जी तुटलेली जागा आहे, तिच्याइतकं माहितीनं भरलेलं त्या नकाशात दुसरं काही नाही.

त्याच रात्री मात्र घाबरवणारी गोष्ट घडली. शाळेच्या खोलीत लॅपटॉपवर दिवसभराची रेघ जुन्या स्कॅन केलेल्या नकाशावर ठेवली, तर ती सगळीकडे बाजूला सरकलेली. आम्ही नाल्यातून चाललो होतो आणि रेघ नाल्यापासून दीडशेएक मीटरवर, उतारावर. पोरांचे चेहरे उतरले. "आमी चुकलो का, मॅडम?"

नाही चुकले. भारतातले जुने नकाशे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या 1830 च्या मापांवर आधारलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या वेगळ्या आकारावर चालतं. दोन्हींचे अक्षांश-रेखांश न बदलता एकावर एक ठेवले, तर या भागात शंभर-दोनशे मीटरचा फरक पडतो. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नकाशाला त्याचं खरं माप सांगितलं आणि रेघ हलून बरोबर नाल्यात जाऊन बसली. खोलीत जो आवाज झाला तो ऐकून बाहेरची कुत्री भुंकायला लागली. हे काम करणाऱ्या प्रत्येकानं आधी हे तपासावं. गावाचा एक अख्खा उतार या फरकात गडप होऊ शकतो, आणि दोष चालणाऱ्यांच्या माथी येतो.

दिवस पाचवा : शेजारचं गाव

शीव एकट्या गावाची नसते. हद्दीवरून दोन गावांचं म्हणणं वेगळं असेल किंवा एकच जंगल दोघं वापरत असतील, तर दोन्हीकडच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसावं असा नियम आहे. सकाळी शेजारच्या गावाची माणसं आली. वाद होता एका बांबूच्या टेकडीचा. दीड तास आवाज चढत गेले. मग त्या गावाकडून आलेल्या एक बाई उठल्या. त्या याच गावच्या लेक, तिकडे दिलेल्या. "मी लहान असताना अठीचे लोक वरून तोडत, तठीचे खालून. भांडन कवा झालं? ठेकेदार आला तवा." दोन्हीकडचे म्हातारे खाली बघायला लागले.

टेकडी नकाशावर दोन्ही रंगांच्या तिरप्या रेषांनी भरली. दोघांचा वापर, दोघांची राखण, आणि त्याखाली दोन्ही समित्यांच्या सह्या. मला विचाराल तर जीपीएसच्या सगळ्या बिंदूंपेक्षा या सह्या भक्कम आहेत. वरच्या समितीपुढे शेजारच्या गावाची हरकतच नसेल, तर दावा नाकारायला एक कारण कमी होतं.

संध्याकाळी पोरांनी विचारलं, असं अजून कुणी करतं का? शेकोटीपाशी मी मला ठाऊक होतं ते सांगितलं. कॅनडाच्या उत्तरेला इन्युइट शिकाऱ्यांनी 1970 च्या दशकात आपण आयुष्यभर कुठं कुठं शिकार केली ते नकाशांवर रेखाटलं. बर्फाचं ते रिकामं समजलं जाणारं रान माणसांच्या वाटांनी भरलेलं निघालं. त्यांच्या जमिनीच्या वाटाघाटींना त्याचा आधार झाला आणि 1999 मध्ये नुनावूत हा त्यांचा प्रदेश अस्तित्वात आला. निकाराग्वातल्या आवास तिंग्नी या गावानं नकाशा घेऊन आपल्याच सरकारविरुद्ध दाद मागितली आणि 2001 मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात जिंकली. जमिनीचा कागद हातात पडायला 2008 उजाडलं.

"जिंकल्यावर सात साल?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो."

त्यानं मान हलवली आणि शेकोटीत लाकूड सरकवलं. मलेशियाच्या सारावाकमध्ये गावांचे नकाशे कोर्टात चालायला लागल्यावर 2001 साली परवाना नसलेल्यांनी जमिनीची मोजणी-नकाशे करण्यावरच कायद्यानं बंधन आणलं गेलं, हेही सांगितलं. पोरगी लगेच म्हणाली, "म्हंजे नकाशाची भीती वाटते त्यांना." ओडिशातल्या नियामगिरीची गोष्ट मला सांगावीच लागली नाही. 2013 मध्ये बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला, हे त्यांना माझ्यापेक्षा तपशिलात माहीत होतं.

दिवस सहावा : ठराव आणि परत

सकाळी ग्रामसभा. कोरमसाठी निम्मी माणसं लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. इथं बायाच जास्त होत्या. नकाशा भिंतीवर लावला होता. पोरीनं वहीतल्या खुणा एकेक करून वाचल्या. प्रत्येक खुणेवर कुणीतरी "हो" म्हणायचं, मगच पुढची. दोन ठिकाणी नावांचे उच्चार दुरुस्त झाले. वाचन अडीच तास चाललं आणि मधून कुणी उठून गेलं नाही. मग सह्या, अंगठे. मूळ नकाशा ग्रामसभेच्या पेटीत राहील, बाहेर जाईल ती प्रत, असा वेगळा ठराव झाला.

असं काम पाहायला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. पानगळीमुळे दूरच्या खुणा दिसतात आणि उपग्रहाचा संकेतही चांगला मिळतो. मार्चच्या मध्यानंतर मोह टपकायला लागतो, मग तेंदू. त्या दिवसांत गावाला पाहुण्यांसाठी वेळ नसतो आणि तो मागूही नये. यंत्राला जास्तीचे सेल, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि चालताना मागून नाही तर म्हाताऱ्यांच्या शेजारून चाला. सगळं तिथंच बोललं जातं.

निघताना आजीनं पळसाच्या पानांत बांधलेली मूठभर वाळलेली मोहफुलं दिली, गेल्या हंगामातली. मी पिशवीत ठेवत होते तेवढ्यात वही लिहिणारी पोरगी जवळ आली.

"मॅडम, तुमच्या फोनमधी पन रेघ असन ना?"

होती. पहिल्या दिवशी सवयीनं मी माझ्या फोनवरही मार्ग नोंदवायला लावला होता, आणि चौथ्या दिवशी पेनठाण्यापाशी फोन बंद केला तरी त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं त्यात होतं. फोन तिच्या हातात दिला. तिनं फाइल शोधली, पुसली, कचऱ्याच्या पेटीतूनही पुसली, आणि गायताला दाखवली. त्यानं पडदा नीट बघितला आणि फोन मला परत केला.

"आता या," तो म्हणाला. "पुन्हा या."